मिठागरातली बाई कुणाला दिसली?

७ जून, रविवार

आज आमच्या भुताच्या सिनेमांच्या मंडळाचा वाढदिवस. नायरीनं पाव्हलोव्हा आणला होता, मधोमध खचलेला. हॉलची चावी तिच्याकडे, त्यामुळे तिच्या केकला नावं ठेवायची कुणाची छाती नाही. सिनेमा होता 'ओल', गेल्याच वर्षीचा. घराच्या भिंतीतून पाणी पाझरतं आणि पाण्याबरोबर त्या घरातल्या मेलेल्या माणसांच्या सवयी पाझरतात. आजोबा ज्या बोटानं टेबल वाजवायचे तेच बोट नातू वाजवायला लागतो आणि त्याला पत्ताच नाही. मला इतकी भीती वाटली की चहाबरोबर चार चीज रोल खाल्ले.

मर्डोनं अर्थातच नाक मुरडलं. "आजकालच्या लोकांना विजेचं बिल परवडत नाही का? सगळा सिनेमा काळाकुट्ट. आमच्या जुन्या सिनेमात रात्र काळी असायची आणि भूत पांढरं. कुठं बघून घाबरायचं ते माणसाला कळायचं."

"अंकल, तुमच्या भुताची वरची दोरी दिसायची," तमाती म्हणाला. हा खाटीकखान्यात कामाला आहे, दिवसभर सुरे चालवतो आणि रविवारी भुताला घाबरायला येतो. लहानपणी मी चालवायचे त्याच बसमधून शाळेत जायचा.

"दोरी दिसूनसुद्धा घाबरायचो. त्याला धमक लागते."

मी म्हटलं, "मर्डो, तुझी धमक गंजलीय." मग जे जुंपलं ते कपबशा विसळेपर्यंत. मी नव्याच्या बाजूची, तो जुन्याच्या. इतकी वर्षं झाली, दोघांपैकी एकानंही कधी 'तुझं बरोबर' म्हटलेलं नाही.

हे मंडळ निघालं मुळात माझ्यामुळे. माझा नवरा कॉलिन गेला तेव्हा घर खायला उठायचं. कॉलिन आणि मर्डो एकाच होडीवर, शेवंडं म्हणजे लॉबस्टर धरण्यात दोघांचा जन्म गेला. एक दिवस मर्डो भुताच्या सिनेमाची टेप घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "दुसऱ्याच्या घरातलं भूत बघितलं की आपल्या घरातली शांतता सहन होते, बघ." ते खरं ठरलं, पण हे मी त्याला सांगणार नाही.

हल्ली हा मेला पहिल्या रांगेत पडद्याला नाक लावून बसतो. कानानं कमी ऐकू येत असणार, कबूल करायचा नाही. गाडीही पुतण्याला देऊन टाकली, म्हणे चालल्यानं गुडघे सुटतात. इथं जगाच्या दक्षिण टोकाला जूनमध्ये भर हिवाळा, असल्या वाऱ्यात कुणी हौसेनं चालतं का?

१० जून, बुधवार

पोस्टाबाहेर मर्डो दिसला. मी हात केला. दोन हातांवरून गेला पण ढुंकून बघितलं नाही! मी तशीच हात वर करून उभी, वेड्यासारखी. 'ओल' मला आवडला म्हणून एवढा राग? नाकाला मिरच्या झोंबल्यात. झोंबू देत.

१४ जून, रविवार

आज फार वाईट झालं.

सिनेमा 'मिठागरातली बाई'. नवा, पण संथ. ओसाड मिठागर, मालक म्हातारा, आणि सगळे गडी एका बाईबद्दल कुजबुजतात. ही कधी येणार, ही कधी येणार असं करत करत एकदम एक दार दिसतं, आणि त्या दारात ती उभी. पडद्याच्या बरोब्बर मधोमध, राखाडी कोटात. संगीत नाही, किंकाळी नाही, कॅमेरा हलत नाही. बाई उभी, एवढंच. किती वेळ ते देव जाणे, मला तर जन्मभर वाटलं. हॉलमध्ये कुणी श्वास घेतला नाही.

चहाच्या वेळी मर्डोनं घसा खाकरला. "यांची एक गोष्ट मला पटली बुवा. बाईला दाखवलं नाही. सगळे तिच्याबद्दल बोलतात, वाट बघतात, पण शेवटपर्यंत दाखवत नाहीत. जुन्यांची रीत पाळली. शाबास."

तमाती हसला. मग मर्डो हसत नाहीये हे बघून गप्प झाला.

"दाखवली नाही?" मी म्हटलं. "अरे, ती दारात खांबासारखी उभी होती!"

"ते तुला वाटलं."

"मला काय वाटलं? सगळ्यांना दिसली! नायरी, दिसली की नाही?" नायरी हातातली ताटली पुसत बसली. नेहमीचंच, अळीमिळी गुपचिळी.

"माझं मत मी दिलं," मर्डो म्हणाला. "ती दाखवलेली नाही."

पोस्टाबाहेरचा राग माझ्या पोटात होताच. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "मत कसलं? हल्ली तू सिनेमा बघतच नाहीस. नवा आहे ना, मग डोळे मिटून बसायचं आणि दिवे लागले की मतं ठोकायची. यायचं कशाला मग?"

मला वाटलं आता तो टेबलावर हात आपटणार. त्यानं नुसती टोपी चाचपडून घेतली, उठला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला आणि भिंतीला धरून दाराकडे गेला.

बरोबर आहे तुझं! ही ओळ लिहितानासुद्धा कसंतरी होतंय. जिंकल्यासारखं काही वाटत नाही.

१६ जून, मंगळवार

तमाती सरपण टाकायला आला आणि तासभर बोलत बसला. "आँटी, मी तो सिनेमा पुन्हा बघितला. अंकलचं वाक्य डोक्यातून जाईना. तुम्ही बघा, मिठावर सगळ्यांच्या पावलांचे ठसे आहेत, बाईचे नाहीत. सावली नाही. म्हणजे ती बाई तिथं नाहीच. आपल्याला दिसतं ते मालकाच्या मनातलं पाप. खरी बाई दाखवलीच नाही!"

"हे मर्डोला म्हणायचं होतं?"

"दुसरं काय असणार? एवढा मुरलेला माणूस. आपण पडदा बघतो, ते पडद्यामागचं बघतात."

मी नायरीला फोन केला तर तीही तेच. ती तर म्हणाली, "मर्डोनं एका वाक्यात सांगितलं ते आपल्याला दहा वाक्यांत कळतंय." घ्या! म्हणजे मी ठार आंधळी आणि हा मोठा ज्ञानी. कपाळ माझं. सरळ सांगायला याचं काय जात होतं? आणि एवढा मोठा अर्थ डोक्यात होता तर माझ्यापुढं मान खाली का घातली?

२१ जून, रविवार

मर्डो आला नाही.

मुद्दाम त्याच्यासाठी काळा-पांढरा लावला होता, 'दीपगृहातली बहीण'. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. सिनेमा झाल्यावर तमाती म्हणाला छान, नायरी म्हणाली छान, मी म्हटलं छान. संपलं. चहा गरम असतानाच आम्ही कोट घालून उभे. भुताचा सिनेमा बघून सगळ्यांचं एकमत व्हायचं असेल तर बिचारं भूत मेलं कशाला?

नायरी म्हणाली, "असंच चाललं तर हॉल विणकामवाल्या बायकांना देऊन टाकू. त्या मागतच आहेत." मंडळ बंद झालं तर रविवारी मी कुठं जाऊ, हा प्रश्न तिला पडायचं कारण नाही.

२८ जून, रविवार

नाही आला. मी फोन करणार नाही. तो माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यानं करावा.

४ जुलै, शनिवार

शेवटी गेले. चीज रोल फडक्यात बांधून गेले, म्हणजे हात रिकामे नकोत.

दार उघडंच होतं. मर्डो टीव्हीला चिकटून बसलेला, भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून. विजेच्या बिलावरून जगाला शहाणपण शिकवणारा हा! मी समोर जाऊन उभी राहिले तर म्हणाला, "कोण?"

"कोण काय कोण? तुझी सासू!"

"रेविन होय," असं म्हणून इतका हसला की माझा राग पाघळला. मग चहा ठेवायला उठला. ओट्याच्या कडेला, पायरीला, चुलीच्या बटणांना त्यानं नारिंगी पट्ट्या चिकटवल्यात, शेवंडांच्या पिंजऱ्यांना लावतात तसल्या भडक. एकट्या पुरुषाच्या हातात घर गेलं की असं ध्यान होतं.

मी त्या दिवसाचं काढलं नाही, त्यानंही नाही. थोड्या वेळानं विचारलं, "गेल्या रविवारी काय लावलं होतं?"

"'शिडी'. नवा आहे. बघ तू, मी काही सांगत नाही."

"सांग ना."

"आणि शेवट?"

"शेवटही फोड."

मी बघतच राहिले. शेवट फोडला म्हणून या माणसानं एकदा तमातीशी महिनाभर अबोला धरला होता! पण म्हणतोय तर म्हणतोय. सांगत बसले. शेजारच्या घराला टेकवलेली शिडी रोज एक पायरी वाढते, इथपासून सुरुवात केली ती अंधार पडेपर्यंत. मर्डो डोळे मिटून ऐकत होता. मधेच विचारायचा, "तिच्या अंगात काय होतं? खिडकी कुठल्या बाजूला?" असली चौकशी पोलीस करत नसतील. शिडीवरून हात आत येतो तिथं त्यानं खुर्ची घट्ट धरली. मला काय मूठभर मांस चढलं म्हणून सांगू!

"उद्या ये की हॉलवर," निघताना म्हटलं.

"नको. तू सांगतेस तेच बरं."

११ जुलै, शनिवार

पुन्हा गेले. यावेळी सिनेमा बघतानाच मनात शब्द जुळवत होते, मर्डोला हे असं सांगीन, ते तसं सांगीन. बस चालवण्यात आयुष्य घालवलं आणि अंगात कथेकरीण होती ती आता कळतेय.

पण माझी गोष्ट ऐकून झाल्यावर तो भांडत नाही. "हं," म्हणतो. "असेल." मी मुद्दाम उकरून काढलं, म्हटलं तुझ्या जुन्या सिनेमांपेक्षा हा शंभरपटीनं चांगला. "असेल," म्हणाला. मर्डो आजारी तर नाही ना? खातो-पितो बरा, खोकला नाही. मग याचं घोडं कुठं पेंड खातंय?

तिकडे मंडळाची पार रया गेलीय. तमाती उशिरा येतो, नायरी सिनेमा चालू असताना डुलक्या घेते. मर्डो परत आला नाही तर हिवाळा संपायच्या आत मंडळ संपलेलं असेल.

१८ जुलै, शनिवार

घरी आले ती कोट न काढताच लिहायला बसले.

आज मी ठरवूनच गेले होते की याला चिडवून चिडवून भांडायला लावायचं. शेवटी थोडा पेटला. जुन्या सिनेमात आवाजाचा वापर कसा करायचे, यावर त्यानं मला व्याख्यान सुरू केलं. बोट वर करून, मास्तरासारखं. मला हसू आलं. बसमधली पोरं आरशातून मला वाकुल्या दाखवायची, तशी मी जीभ बाहेर काढली. चांगली लांब, डोळे तिरळे करून.

मर्डो बोलत राहिला. अगदी गंभीर, माझ्याकडे तोंड करून. "पावलांचा आवाज आधी, पावलं नंतर. कळतंय का तुला?"

मी जीभ आत घेतली नाही. घेताच आली नाही. तो बोलत होता, मान हलवत होता, आणि मी जीभ काढून त्याच्या समोर बसले होते. एकेक गोष्ट मनात यायला लागली. पोस्ट. पहिली रांग. गाडी. पट्ट्या. ती बाई. दारात उभी, मधोमध, आवाज न करता.

"का गप्प झालीस?" तो म्हणाला.

"मर्डो, मी आत्ता काय करत होते?"

"चहा पीत असशील."

"जीभ काढून दाखवत होते तुला."

केटली वाजायला लागली, ती त्यानं चाचपडून बंद केली. मग म्हणाला, "मधला भाग गेलाय, रेविन. कडेकडेनं दिसतं अजून. डॉक्टर म्हणतात परत येणार नाही. ओटा दिसतो, टेबलाचे पाय दिसतात. पण ज्याच्याकडे बघावं त्याच्या चेहऱ्याच्या जागी डाग. गावात कुणालाच तोंड नाही. तुलाही नाही. सिनेमात कुणी दाखवलं असतं तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या."

मी रडायला लागले. "आणि मी म्हटलं डोळे मिटून बसतोस. सांगितलं का नाहीस रे? आम्ही काय परके होतो?"

"सांगून काय झालं असतं? सगळे गोड बोलायला लागले असते. मला खुर्ची दिली असती, चहा हातात दिला असता, आणि मी काहीही बोललो तरी बरोबर म्हटलं असतं. पुतण्या आत्ताच करतो. मी म्हणालो आज मंगळवार, तर बुधवार असला तरी हो म्हणतो. घरी बसलेलं परवडलं."

"पण घरी बसून माझ्याशीसुद्धा भांडत नाहीस!"

"भांडू कशावर? मी बघितलंय का काही?"

मग मात्र मी डोळे पुसले. म्हटलं पुढच्या रविवारी यायचं. मी शेजारी बसून कानात सांगीन. एकाच वेळी बघायचं, एकाच वेळी घाबरायचं, मग हवं ते मत दे. तो म्हणाला सिनेमा चालू असताना बोलायची मंडळात बंदी आहे. म्हटलं, बंदी तूच घातलीस, तूच उठव. मंडळींना काय सांगायचं तेही तूच सांग, मी तोंड उघडणार नाही. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

१९ जुलै, रविवार

हॉलवर गेले. कुणाला काही बोलले नाही. तमाती अजून मिठावरच्या ठशांबद्दल सांगत होता. "अंकल आले की त्यांना विचारायचंय, सावलीचं त्यांना कधी लक्षात आलं." मूग गिळून बसले. कपबशा विसळायला घेतल्या.

२६ जुलै, रविवार

आला. माझा हात धरून नाही, माझ्या बाहीला धरून. म्हणाला, हात धरला तर गाव बोलेल.

दारातच उभं राहून त्यानं सांगून टाकलं. "मंडळी, माझे डोळे गेलेत, म्हणजे बरेचसे गेलेत. मिठागरातली बाई मला दिसली नाही. त्यात काही अर्थबिर्थ नव्हता." तमातीचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळी शोकसभा. तमातीनं खुर्ची ओढून दिली, पायाखाली पेटी ठेवली. नायरीनं मर्डोचा चीज रोल कापून बारीक तुकडे केले. अगं बाई, त्याचे डोळे गेलेत, दात नाही! मर्डोनं तुकडे मुकाट्यानं खाल्ले. हा आता परत यायचा नाही, मी मनात म्हटलं.

सिनेमा 'धाकटीची खोली', कुणीच बघितलेला नव्हता. मी कानाशी लागले. "दार आहे. उघडतंय."

"कसलं दार?"

"दारासारखं दार!"

"रंग सांग, बाई. कडी आतून की बाहेरून?"

एका आईला दोन मुली, धाकटी गेलेली, आणि आई रोज संध्याकाळी वर जाऊन तिच्या खोलीला कुलूप लावून येते. खाली येऊन थोरलीसमोर चहा घेऊन बसते. मी सांगत गेले. शेवटाला आई किल्ली विसरते आणि कुलूप आतून वाजायला लागतं. मी तिथं गप्प झाले.

"काय झालं? रेविन! बोल ना! काय दिसतंय?" मर्डो एवढ्या मोठ्यानं ओरडला की नायरीनं किंचाळून कप पाडला, आणि तिच्या किंचाळीनं तमाती खुर्चीतून उठला. इतक्या वर्षांत आम्ही सगळे एकदम घाबरल्याचं मला आठवत नाही.

दिवे लागले. आमच्या हसण्याचा भर ओसरला आणि मर्डोनं घसा खाकरला.

"माझं मत असं. धाकटी जिवंत आहे. मेली आहे ती आई."

मग तमाती हळूच म्हणाला, "खरंय अंकल. अगदी खरंय." नायरी म्हणाली, "किती वेगळा विचार केलास रे, मर्डो." दवाखान्यात पेशंटशी बोलतात तो आवाज.

मर्डोचा चेहरा उतरला. त्यानं टोपी शोधायला हात पुढं केला.

"काय डोंबलाचं खरंय!" मी ओरडले. "साफ चूक! मी तासभर घसा फोडला तो पालथ्या घड्यावर पाणी? आई मेलेली असती तर रोज चहा कशी प्याली?"

मर्डोचा हात थांबला. "प्याली असं तू म्हणालीस. कप तोंडाला लावला का?"

"लावला की!"

"बघितलास? घोट ऐकू आला नाही मला एकदाही. मुलीचा ऐकू आला. आईचा नाही. कप रिकामा झाला का, ते सांग."

आता आली का पंचाईत! मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाकडे कोण बघतं?

"रिकामा होता," नायरी म्हणाली. "भरलेला होता!" तमाती म्हणाला. "नाही अंकल, पण भरलेला असला तरी आई मेली हे चूक आहे. मेलेली बाई कुलूप कशी लावेल?" "भुतं कुलपं लावत नाहीत असं कुणी सांगितलं?" मर्डो म्हणाला. "तुमच्या जुन्या भुतांना दोरीतून हात तरी सुटत होते का?" झालं. सगळे उभे. सिनेमा मागं नेऊन कप बघितला, तर कपाच्या पुढ्यात साखरेचं भांडं! नायरीनं दुसऱ्यांदा चहा ठेवला, कुणाचं लक्ष नव्हतं.

मर्डो लालबुंद झाला होता. टेबलावर हात आपटून, माझ्या कानाच्या थोडं बाजूला बोट रोखून तो म्हणाला, "रेविन, तू बस चालवायचीस तेच बरं होतं. एवढा मोठा कप समोर आणि बाईला पत्ता नाही!"

मला इतका आनंद झाला की मी त्याला आणखी चार शिव्या घातल्या.